अलार्म वाजला, पण उठणार कोण?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. पहाटे पाचच्या सुमारास घराचं दार वाजलं. शेजारच्या गल्लीतला मुलगा दारात उभा होता. “डॉक्टरसाहेब, आबा बोलंनात. सगळं अंग घामानं भिजलंय. लवकर चला.”

आबांचं वय बहात्तर. बारा वर्षांपासून मधुमेह, दोन वेळचं इन्सुलिन. बोटातून थेंब घेऊन शुगर पाहिली तर ४१. शिरेतून ग्लुकोज दिलं. दहा-पंधरा मिनिटांत आबांनी डोळे उघडले आणि “काय झालं?” म्हणून विचारलं. पुढे सगळं नीट झालं, म्हणून ही गोष्ट सांगता येते.

सांगण्याचं कारण वेगळं आहे. आबांच्या दंडावर शुगर मोजणारा सेन्सर लावलेला होता. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने तो मुद्दाम घेऊन दिला होता. शुगर कमी झाली की आबांचा फोन वाजणार आणि पुण्यात मुलाचाही वाजणार, अशी सोय होती. त्या रात्री दोन्ही फोन वाजले नाहीत. संध्याकाळी वारं सुटलं आणि लाईट गेली. आबांच्या फोनची बॅटरी अकराच्या सुमारास संपली. सेन्सर रात्रभर शुगर मोजत राहिला, पण त्याचं ऐकणारं कुणी नव्हतं. सकाळी फोन चार्ज झाल्यावर मागची नोंद आली, तेव्हा कळलं की पावणेदोनपासूनच शुगर ७० च्या खाली होती. मुलगा मला फोनवर म्हणाला, “सर, अलार्म आला नाही म्हणजे सगळं ठीक असेल असं मी समजलो.”

सेन्सर चांगला होता, महागही होता, आणि त्याने त्याचं काम केलं. जे तुटलं ते सेन्सर आणि माणूस यांच्या मधलं होतं. आजचा लेख त्या मधल्या गोष्टींबद्दल आहे. तो दोघांसाठी आहे: घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी असं मशीन घेणाऱ्यांसाठी आणि “डॉक्टर, गावात राहून काय धंदा करावा?” असं विचारणाऱ्या आपल्या कुंभार पिंपळगावच्या आणि आसपासच्या पोरांसाठी.

एक अलार्म किती हातांतून जातो?

आबांचंच उदाहरण घेऊ. दंडावरचा सेन्सर कातडीखालच्या द्रवातली शुगर मोजतो. तो आकडा ब्लूटूथने जवळच्या फोनकडे जातो. ब्लूटूथचा पल्ला साधारण एका खोलीपुरता असतो, मध्ये जाड भिंत आली की तोही कमी होतो. फोन तो आकडा नेटवरून कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो. सर्व्हर तो पुण्यातल्या मुलाच्या फोनवर टाकतो. मुलगा जागा झाला तर शेजाऱ्याला फोन करतो. शेजारी उठून आबांच्या घरी जातो आणि साखर देतो किंवा डॉक्टरला बोलावतो.

मोजून पाहा: सेन्सर, फोन, लाईट, टॉवर, सर्व्हर, मुलगा, शेजारी. सात कड्या झाल्या. सेन्सर विकणारी कंपनी त्यातल्या एक-दोन कड्यांची जबाबदारी घेते. बाकीच्या कड्या आपण गृहीत धरतो. शहरात त्या बऱ्याचदा धरून राहतात. आपल्याकडे लाईट, रेंज आणि रात्री दोनला उठणारा माणूस या तिन्हींचा भरवसा देता येत नाही.

आणि हे फक्त गावात होतं असंही नाही. २०१९ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस अमेरिकेतल्या डेक्सकॉम या सेन्सर बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचे सर्व्हर बंद पडले. मुलांच्या शुगरवर दुरून लक्ष ठेवणाऱ्या आईवडिलांच्या फोनवर आकडे येणं थांबलं. पेशंटच्या स्वतःच्या फोनवर शुगर दिसत होती, पण दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या गावात झोपलेल्या पालकांना काही कळत नव्हतं. म्हणजे आबांच्या बाबतीत पहिली कडी सुटली आणि तिथे मधली. पालकांना “अलार्म नाही म्हणजे ठीक आहे” असंच वाटलं असणार, जसं आबांच्या मुलाला वाटलं.

हे आपल्याला नवीन नाही

“स्मार्ट” हा शब्द नवीन असेल, पण सिम घातलेलं मशीन आपल्या शेतात दवाखान्याच्या आधी आलं. मोटारीच्या पेटीतला मोबाईल स्टार्टर आठवा. रात्रीची थ्री फेज आली की बांधावर जायचं, विंचू-सापाची भीती, कधी चिखल. पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी यावर ‘नॅनो गणेश’ काढलं. मोबाईलवरून पंप चालू-बंद करायचा आणि शेतात लाईट आहे की नाही ते घरबसल्या समजायचं. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. आज पैठणच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यात ऊस घेणाऱ्या कुणालाही मोबाईल स्टार्टर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

हे स्टार्टर टिकले कशामुळे? माझ्या मते, ते बसवणारा आणि बिघडल्यावर येणारा माणूस गावात होता म्हणून. सिमचा रिचार्ज संपला, पेटीत उंदराने वायर खाल्ली, फेज उलटी झाली, की शेतकरी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करत नाही. तो चौकातल्या वायरमन पोराला बोलावतो.

दुसरं उदाहरण लसीच्या फ्रीजचं. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. २०१५ पासून केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने यूएनडीपीच्या मदतीने ‘ई-विन’ ही व्यवस्था सुरू केली. सरकारी केंद्रातल्या लसीच्या फ्रीजला तापमान मोजणारं यंत्र जोडलेलं असतं. तापमान मर्यादेबाहेर गेलं की जबाबदार कर्मचाऱ्याला संदेश जातो. इथेही नीट पाहा. तापमापक ही साधी गोष्ट आहे. त्यामागे लाईट गेल्यावरही बराच वेळ थंडावा धरून ठेवणारा फ्रीज आहे, लस सांभाळण्याचं प्रशिक्षण घेतलेला माणूस आहे, आणि फ्रीज दुरुस्त करणारा तंत्रज्ञ आहे. संदेश कुणाला जाणार आणि त्याने काय करायचं, हे आधीच ठरलेलं आहे. म्हणून ही व्यवस्था चालते.

आबांच्या घरी सेन्सर होता, पण हे “आधीच ठरलेलं” काहीच नव्हतं.

मग धंदा कशात आहे?

माझ्याकडे येणारी हुशार पोरं बहुतेक वेळा नवीन ॲप किंवा नवीन घड्याळ बनवायचं म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे. घड्याळं आणि मशीन बनवणाऱ्या कंपन्या जगात भरपूर आहेत, त्यांच्याशी गावातून स्पर्धा करणं अवघड. त्या मशीनच्या मागचं काम मात्र गावातच करावं लागतं, आणि ते करणारं कुणी नाही. डॉक्टर म्हणून मला रोज जे कमी पडताना दिसतं, ते सांगतो.

पहिलं, लाईट. घरात ऑक्सिजनचं मशीन, नेब्युलायझर किंवा सेन्सरचा फोन असेल तर तेवढ्यापुरता छोटा बॅकअप हवा. पूर्ण घराचा इन्व्हर्टर सगळ्यांना परवडत नाही. राउटर आणि एक फोन रात्रभर चालेल एवढी बॅटरी भाड्याने देणं, दर महिन्याला तपासणं, खराब झाली की बदलून देणं, हा एक व्यवसाय आहे. ऑक्सिजन मशीनला जास्त वीज लागते, तिथे सिलिंडरची पर्यायी सोय धरूनच हिशेब करावा लागेल.

दुसरं, नेट. अनेक जुनी मशीन टू-जी सिमवर चालतात. टू-जी बंद झालेल्या भागात ती मुकी होतात. कोणतं मशीन कोणत्या सिमवर, कोणत्या गल्लीत, कोणत्या भिंतीआड चालतं, ही माहिती पुण्या-मुंबईच्या कंपनीकडे नसते. ती तुमच्याकडे असू शकते. शिवाय आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. ‘लोरा’ नावाचं तंत्र त्यावर चालतं. उंच ठिकाणी, समजा पाण्याच्या टाकीवर, एक छोटा रिसीव्हर बसवला तर काही किलोमीटरवरच्या सेन्सरचे लहान-लहान संदेश पकडता येतात, तेही प्रत्येक सेन्सरला वेगळं सिम न घालता. फोटो किंवा आवाज त्यावरून जात नाही, पण “फ्रीजचं तापमान ११ झालं” एवढं आरामात जातं.

तिसरं, थंडावा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशात ठेवावं लागतं. वापरात असलेली कुपी किंवा पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालतं, पण हे तापमान २५ ते ३० अंशांपर्यंतचं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात तर विचारूच नका. उष्णतेने खराब झालेलं इन्सुलिन बऱ्याचदा दिसायला जसंच्या तसं असतं, फक्त काम करत नाही. पेशंटला वाटतं डोस कमी पडतोय, मग तो डोस वाढवतो, आणि नवी चांगली कुपी सुरू झाली की शुगर एकदम खाली येते. गावातली मेडिकल दुकानं, छोटे दवाखाने आणि जनावरांच्या लसी ठेवणारे, या सगळ्यांच्या फ्रीजवर लक्ष ठेवणारी एक सामाईक सेवा गावात का असू नये? तापमान वाढलं की फोन यावा आणि अर्ध्या तासात बर्फाचे पॅक घेऊन माणूस यावा.

चौथं, रिपोर्ट वाचणं. बंगळुरूच्या ‘ट्रायकॉग’ कंपनीने हेच ओळखलं. छोट्या दवाखान्यात काढलेला ईसीजी नेटवरून त्यांच्या केंद्रात जातो, तिथे संगणक आणि डॉक्टर मिळून तो पाहतात आणि काही मिनिटांत रिपोर्ट परत येतो. हार्ट अटॅकमध्ये रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध जितकं लवकर, तितका हृदयाचा स्नायू वाचतो. ईसीजी मशीन तर पूर्वीही होतं, कमी होता तो वाचणारा माणूस. त्यांनी ती कमतरता भरून काढली, तोच त्यांचा व्यवसाय झाला.

पाचवं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं काम म्हणजे उठणारा माणूस. पुण्यातल्या मुलाला अलार्म आला तर तो कुणाला उठवणार? गावातले चार-पाच जण पाळी लावून रात्रीचा फोन घेतील, दहा मिनिटांत घरी पोचतील, शुगर आणि बीपी तपासतील, ठरलेली प्राथमिक मदत देतील आणि गरज पडली तर डॉक्टरला किंवा १०८ ला बोलावतील. महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जाऊन मशीन, बॅटरी आणि फोन नंबर बरोबर आहेत ना ते पाहतील, आणि मुद्दाम अलार्म वाजवून चाचणी घेतील. याला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. शिस्त लागते.

“पण गावात पैसे कोण देणार?”

हा प्रश्न रास्त आहे. आपण हिशेब करू. समजा शंभर घरांनी महिन्याला दोनशे रुपये दिले, तर वीस हजार होतात. पेट्रोल, रिचार्ज, बदलायच्या बॅटऱ्या वजा केल्या आणि रात्रपाळीच्या चार जणांत वाटले, तर प्रत्येकाच्या हाती फारसं काही उरत नाही. फक्त यावर घर चालेल असं मी सांगणार नाही. पण ज्याचं आधीच मोबाईल दुरुस्तीचं, इलेक्ट्रिकचं किंवा मेडिकलचं दुकान आहे त्याला ही चांगली जोड आहे. फ्रीजची सेवा, बॅटरीचं भाडं आणि आसपासची गावं धरली तर आकडा बदलतो. पैसे देणारा बऱ्याचदा गावातला पेशंट नसून बाहेरगावी असलेला त्याचा मुलगा किंवा मुलगी असते. आईवडिलांच्या काळजीने ती रात्री झोपत नाहीत. त्यांना मशीन घेऊन देता येतं, माणूस घेऊन देता येत नाही.

ज्यांना यापुढे जाऊन नवीन काही बनवायचं आहे, त्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या ‘मॅजिक’ या नवउद्योजकांना मदत करणाऱ्या संस्थेत जरूर चौकशी करावी. आरोग्यातल्या नव्या कल्पनेसाठी केंद्र सरकारच्या ‘बायरॅक’चं पन्नास लाखांपर्यंतचं अनुदानही असतं. मात्र एक लक्षात ठेवा. मशीन स्वतः बनवायचं असेल किंवा आजाराचं निदान सांगणारं सॉफ्टवेअर बनवायचं असेल, तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात. “आधी विकू, परवाना नंतर बघू” हे इथे चालत नाही.

जिथे मी हात जोडून थांबा म्हणेन

संधी आहे म्हणून सगळंच चालेल असं नाही. पेशंटचे आकडे ही त्याची खासगी गोष्ट आहे. कुणाला शुगर आहे, कोण रात्री कसल्या गोळ्या घेतो, हे गावात पसरलं तर लग्नं मोडतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीची अट घालतोच, पण कायदा नसता तरी हे पाळावंच लागलं असतं. दुसरं, कंप्युटरवर सगळं सोपवून वही बंद करू नका. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेचे सर्व्हर सायबर हल्ल्याने बंद पडले आणि कित्येक दिवस कामकाज हाताने लिहून चालवावं लागलं.

तिसरं, सुरू केलंत तर मध्येच सोडू नका. अमेरिकेतल्या ‘सेकंड साइट’ कंपनीने अंध लोकांच्या डोळ्यात बसवायचं ‘आर्गस टू’ नावाचं यंत्र बनवलं. जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांनी ते बसवून घेतलं. २०१९ मध्ये कंपनीने त्यावरचं काम थांबवलं आणि २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी कमी केले. यंत्र बिघडलं तर दुरुस्त करणारं कुणी राहिलं नाही. एवढ्या मोठ्या ठिकाणी हे होतं, तर आपल्या चार पोरांच्या सेवेत होऊच शकतं. म्हणून बंद करायची वेळ आली तर तीन महिने आधी प्रत्येक घरी जाऊन सांगायचं, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

मशीन घेण्याआधी तुम्ही हे विचारा

धंद्याचं बोलणं झालं. आता तुम्ही पेशंट किंवा नातेवाईक असाल तर दुकानदाराला, कंपनीला आणि स्वतःला हे प्रश्न विचारा.

१. लाईट आणि नेट नसताना हे मशीन काय करतं? आवाज करतं, की गप्प बसतं?
२. अलार्म कुणाला जाणार? तो नाही उठला तर दुसरा कोण? गावातल्या दोन माणसांचे नंबर भिंतीवर लिहिले आहेत का?
३. बिघडलं तर इथे येऊन कोण पाहणार?
४. दर महिन्याचा खर्च किती? शुगरचे बरेच सेन्सर साधारण दोन आठवड्यांनी बदलावे लागतात.
५. माझे आकडे कुणाकुणाला दिसतात?
६. हे मशीन खरंच मोजतं का? न टोचता शुगर सांगणाऱ्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विश्वास ठेवू नका. अमेरिकेच्या एफडीएने २०२४ च्या फेब्रुवारीत लोकांना तसा इशाराच दिला आहे. बीपीसाठी दंडावर पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं घड्याळ त्याची जागा घेऊ शकत नाही.

आणि कितीही चांगलं मशीन असलं तरी हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं: इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला अचानक घाम, थरथर, धडधड, खूप भूक किंवा असंबद्ध बोलणं सुरू झालं, तर शुगर कमी झाली असं समजा. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांनी शुगर तपासा, ७० च्या वर आली नसेल तर परत द्या. बरं वाटल्यावर काहीतरी खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. शुगर का उतरली हे शोधण्यासाठी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना भेटा. डोस स्वतःहून बदलू नका.

आबांच्या घरी आता काय आहे ते सांगून थांबतो. सेन्सर तोच आहे. फोन उशाशी असतो आणि त्याला एक छोटी बॅटरी जोडलेली आहे. शेजारच्या दोन घरांत नंबर दिले आहेत. मुलगा रोज रात्री साडेदहाला पुण्याहून एक फोन करतो, आणि आकडा दिसत नसेल तर “ठीक असेल” असं न समजता शेजाऱ्याला उठवतो. ही सगळी जुळवाजुळव मला आणि त्या शेजारच्या मुलाला करावी लागली. आपल्या भागात अशी घरं पुष्कळ आहेत आणि मी प्रत्येक घरी पोचू शकत नाही. हे काम कुणीतरी व्यवसाय म्हणून, मन लावून हाती घेतलं, तर पहाटे पाचला माझं दार वाजायच्या आधीच आबांसारख्या माणसाच्या तोंडात साखर पडलेली असेल.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या औषधांबद्दल आणि डोसबद्दल आपल्या डॉक्टरांशी प्रत्यक्ष बोला.)